पीक फ्लो मीटर: आमच्या घरची नवी फुंकणी

आधी किंमत सांगते. सहाशे रुपयांच्या आत-बाहेर. एवढ्यात एक प्लास्टिकची नळी येते, वर आकड्यांची पट्टी, पट्टीवर सरकणारा लाल काटा आणि तोंडात धरायला एक नळकांडं. सेल नाहीत, चार्जिंग नाही, मोबाइलला जोडायचं काही नाही. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळी ताकद लावून एकदाच फुंकायचं. काटा जिथं जाऊन थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. छातीतली हवा मिनिटाला किती लिटरच्या वेगानं बाहेर पडली, ते त्या आकड्यातून कळतं. दुसरं काहीही ही वस्तू सांगत नाही.

तरीही एवढं लांबलचक लिहायला बसलेय, कारण आमच्या घरात चार माणसं आणि चौघांना खोकला. भिंतीपलीकडून ऐकलं तर चारही खोकले सारखेच. औषध मात्र चौघांचं वेगळं निघालं, आणि ते वेगळं करण्यात या नळीचा मोठा हात आहे. जिथं ती अगदीच कुचकामी ठरली तेही सांगणार आहे. दुकानदार ते सांगत नाहीत.

आमची बेळगावच्या वडगावात पिठाची गिरण आहे, बाजूला चटणी कुटायचा डंक. फाल्गुनापासून अक्षय तृतीयेपर्यंत डंकासमोर रांग असते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, धणे, सगळ्यांचा वास एकात एक. त्या दिवसांत रस्त्यावरून नुसता जाणाराही शिंकतो. एक बाई दरवर्षी म्हणतात, "मला मिरचीची अ‍ॅलर्जी हाय." मी म्हणते, मग सगळ्या गल्लीलाच आहे! मिरचीचा खाट नाकातल्या नसांना झोंबतो, तो कुणालाही झोंबतो. दहा पावलं लांब गेलं की संपला. अ‍ॅलर्जीचं तसं नसतं. ज्या धुळीनं शंभरातल्या नव्वदांना काही होत नाही, त्याच धुळीला उरलेल्या दहांचं शरीर शत्रू समजतं. माणूस तिथून निघून घरी आला तरी ते भांडण आत चालूच राहतं. आमच्या घरात नेमकं हेच चालू होतं, फक्त कुणाच्या नाकात आणि कुणाच्या छातीत ते कळत नव्हतं.

खरेदीचा अनुभव फार चांगला नाही. खडे बाजारातल्या एका मेडिकलमध्ये पीक फ्लो मीटर मागितला तर काउंटरवरच्या पोरानं ऑक्सिमीटर काढून ठेवला. हे नव्हे म्हटलं तर वाफेचं मशीन दाखवलं. शेवटी चिठ्ठीवर लिहून दिलं तेव्हा मालक म्हणाले, "हां हां, दम्याचं ते! मागवून देतो की." बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडच्या वेळेपासून आमच्याकडे होताच, आणि त्याच्यावर विसंबणं कसं फसवं आहे ते दवाखान्यात कळलं. दम्याच्या माणसाच्या नळ्या आकसायला लागल्या तरी तो जोरानं श्वास ओढून रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ सांभाळून धरतो. बोटावर ९७-९८ दिसत राहतं आणि आत नळी निम्मी झालेली असते. आकडा खाली येतो तो दमून गेल्यावर. म्हणून ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय म्हणजे छाती मोकळी आहे, असं होत नाही. उलट तो ९४ च्या खाली दाखवत असेल तर मात्र विचार करत बसू नका. बोट गरम करून, नखाला रंग असेल तर पुसून, हात न हलवता परत एकदा बघा आणि तरी तेच आलं तर दवाखाना गाठा.

वापरायची रीत सोपी आहे, पण चुकते सगळ्यांची. उभं राहायचं. काटा शून्यावर आणायचा. बोटं पट्टीवर येऊ द्यायची नाहीत, काटा अडतो. ओठ नळकांड्याभोवती घट्ट, जीभ मध्ये नाही, गाल फुगवायचे नाहीत. मग एक झटका. फुगा फुगवल्यासारखी लांब फुंकर नको, जोर सगळा पहिल्या क्षणाला. असं तीन वेळा करायचं आणि सरासरी न काढता तिन्हीतला मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा, दम्याचा पंप (इन्हेलर) घ्यायच्या आधी. हा मीटर मार्टिन राइट नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं १९५० च्या दशकात काढला. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना फुंकायला लावतात त्या यंत्रातही त्याच माणसाचं डोकं आहे. म्हणजे लोकांना फुंकायला लावण्यात त्याचं आयुष्य गेलं म्हणायचं.

आता घरच्यांकडे येते. आमच्या ह्यांचा खोकला हा या सगळ्यातला मोठा भाग.

हे गिरणीत पहाटेपासून उभे. खोकला दोन-तीन पावसाळ्यांपासून होता, पण त्याला नाव एकच: "धुळीचा खोकला हाय, जातोय की." सर्दीच्या गोळ्या झाल्या, आल्याचा कषाय झाला, कुणीतरी पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्सही दिला. मला खटकत होतं ते वेगळंच. ह्यांचं नाक वाहत नव्हतं. ताप नव्हता. बेडका अगदी थोडा, पांढरा, चिकट. आणि खोकल्याची वेळ ठरलेली, रात्री तीनच्या पुढं. उठून बसायचे, उशी पोटाशी धरायचे, आणि श्वास सोडताना छातीतून बारीक शीळ यायची. सर्दीचा खोकला असा घड्याळ बघून येत नाही. सर्दी घशापासून सुरू होते, मग नाक, मग थोडा खोकला, आणि आठ-दहा दिवसांत आवरतं घेते. खोकला मागं रेंगाळतो कधी कधी, पण वर्षानुवर्षं नव्हे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला आणि तो मला फार आवडला: "गिरण बंद असते त्या दिवशी बरं वाटतं का?" ह्यांनी खांदे उडवले. माणसाला आपलं बरं-वाईट असं दिवसावार आठवत नाही. मग त्या म्हणाल्या, मीटर आणा, वही करा, महिन्यानं दाखवा.

वही मीच धरली, हे काही लिहिणाऱ्यातले नव्हेत. ह्यांचा चांगल्यातला चांगला आकडा ४८०. कामाच्या दिवशी सकाळी ४२०, संध्याकाळी ३८०. शनिवार-रविवारी गर्दी, गव्हाचं दळप जास्त, तेव्हा संध्याकाळी ३४०. सोमवारी गिरण बंद, तर मंगळवारी सकाळी थोडा वर. थोडाच. खरी गंमत झाली ती चंदगडला भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा. तिथं मुक्काम लांबला, आणि रोज सकाळी फुंकताना काटा वरवर चढत गेला, शेवटी ४७०. परत येऊन गिरणीचा पट्टा चालू केला आणि दुसऱ्याच संध्याकाळी ३८० वर. वही डॉक्टरांसमोर ठेवली तर त्यांनी पानं उलटली आणि ह्यांना म्हणाल्या, "तुमची गिरण इथं दिसायलीय बघा." आकड्यांची अशी वर-खाली झुलणी हीच दम्याची खूण असते. मोठ्या माणसात रोजच्या सकाळ-संध्याकाळचा फरक सरासरी दहा टक्क्यांच्या वर सतत जात असेल तर शंका पक्की होते. नुसत्या सर्दीत किंवा नाकाच्या अ‍ॅलर्जीत असा झोका पडत नाही.

नळीवर निदान झालं असं मात्र समजू नका. त्यांनी पुढं स्पायरोमेट्री करायला लावली. ते मोठं मशीन, संगणकाला जोडलेलं, त्यात लांब फुंकावं लागतं. आधी एकदा फुंकलं, मग पंपाचं औषध दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. औषधानं पहिल्या सेकंदातली हवा बारा टक्क्यांहून आणि दोनशे मिलिलिटरहून जास्त वाढली, म्हणजे नळ्या आकसलेल्या होत्या आणि उघडू शकतात. दमाच. गव्हाच्या पिठाच्या धुळीनं होणारा. हा काही नवा रोग नव्हे. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली गिरणीवाल्यांचा आणि भट्टीवाल्यांचा खोकला लिहून ठेवलाय.

"दम-बिम काय नाही मला" असं म्हणत ह्यांनी पंपाला बराच विरोध केला. आपल्याकडं पंप म्हणजे शेवटची पायरी असं डोक्यात पक्कं बसलंय. खरं तर गोळीपेक्षा पंपात औषध कितीतरी कमी असतं आणि थेट नळीत जातं. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची एवढं पथ्य, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. ह्यांना पटवलं ते मी नव्हे, काट्यानं. ४६० आकडा कामाच्या दिवशी दिसायला लागला तेव्हा स्वतःच हाक मारून दाखवायला लागले. गिरणीतही बदल केले. पिठाच्या तोंडाला लांब कापडी पिशवी बांधली, कोरडा झाडू बंद करून ओलं फडकं, आणि नाकाला टॉवेलऐवजी एन-९५ मास्क. टॉवेलातून बारीक पीठ आरामात जातं. दगडाला टाकी लावायच्या दिवशी तर मास्क पाहिजेच, ती पिठाची नव्हे, दगडाची धूळ असते.

डॉक्टरांनी मीटरवर तीन रंग करून दिले तेही सांगते, कारण डब्यातल्या कागदावर ते नीट नाही. आपला स्वतःचा उत्तम आकडा धरायचा. पुस्तकातला किंवा शेजाऱ्याचा नव्हे. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर हिरवं, ८० ते ५० मध्ये पिवळं, ५० च्या खाली लाल. ह्यांच्यासाठी ३८४ आणि २४०. पिवळ्यात काय वाढवायचं ते लिहून दिलंय. लाल म्हणजे आराम देणारा पंप मारून लगेच निघायचं. आणि आकडा काहीही असो, एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, आडवं होता येत नसेल, तर फुंकत बसू नका, १०८ ला फोन करा.

माझी गोष्ट छोटी. दसरा झाला की माझ्या शिंका सुरू. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात भाताची सुगी, मळणीची धूळ, आणि बांधाबांधावर काँग्रेस गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं. हे गवत परदेशी गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास दिसलं आणि आता आमच्या स्मशानापासून शाळेपर्यंत सगळीकडं आहे. सकाळी उठलं की एकामागून एक शिंका, मोजायला गेलं तर मोजणारा दमेल. नाकातून पाणी, अगदी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. डोळे चोळून चोळून लाल. आणि टाळूला खाज, जीभ लावून खाजवावी वाटते अशी. ही खाज हीच खूण. सर्दीत घसा दुखतो, खवखवतो, अंग मोडून येतं, पण डोळे आणि टाळू अशी खाजत नाही. अ‍ॅलर्जीला ताप येत नाही, आणि ती आठवड्यात आवरत नाही, सुगी संपेपर्यंत मुक्काम ठोकते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू शिरले, अँटिबायोटिक पाहिजे, असंही नसतं. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो घट्ट, पिवळा होतो.

ह्यांचं दम्याचं निघाल्यावर मला धास्ती, आपलंही तेच असणार, आपणही त्याच पिठात. म्हणून मीही फुंकलं. सकाळी ३६०, संध्याकाळी ३५०, गिरण चालू ३६०, गिरण बंद ३६०. काटा जाग्यावरनं हलेना. नाकाचं भांडण नाकातच होतं. डॉक्टर म्हणाल्या, नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पुढं दमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तेव्हा सुगीच्या दिवसांत अधूनमधून फुंकत जा. मेडिकलवाल्याकडच्या सर्दीच्या गोळीनं मला गुंगी यायची, आणि फिरत्या पट्ट्याजवळ गुंगी म्हणजे खेळ नव्हे. त्यांनी फेक्सोफेनाडिन दिलं, गुंगी फार कमी येते त्यानं. फळांच्या रसाबरोबर तेवढं घ्यायचं नाही. शिवाय नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, सुगीच्या आधीच चालू करायचा, कारण त्याचा पुरा गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. नाक चटकन मोकळं करणारे थेंब मिळतात ते वेगळे. ते तीन-चार दिवसांच्या वर घातले तर थेंब सोडले की नाक आधीपेक्षा घट्ट बसतं. आमच्या गल्लीत दोघं तरी त्या थेंबांच्या नादाला लागलेत, वर्षभर खिशात बाटली.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डबा उघडल्या-उघडल्या विचारलं, "ही कसली गं फुंकणी? चूल कुठं हाय?" सगळे हसलो. पण त्यांच्या खोकल्याचं मूळ तिथंच निघालं. जन्मभर चूल, ओली लाकडं, पावसाळ्यात शेणी, आणि फुंकणीनं फुंकताना तोंडासमोर धूर. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली तरी आंघोळीचं पाणी कालपरवापर्यंत चुलीवरच. त्यांचा खोकला सकाळी उठल्यावर, बेडका पडेपर्यंत. चढ चढताना थांबतात. रात्री उठून बसणं नाही, शीळ कधीतरी. आकडा १४०-१५०. सकाळी तेवढाच, संध्याकाळी तेवढाच, देवळात जाऊन आल्या तरी तेवढाच. पंपाचं औषध देऊन स्पायरोमेट्री केली तरी फारसं काही सरकलं नाही. नळ्या आकसून थांबलेल्या, परत पुरत्या न उघडणाऱ्या. दम्यात नळी उघडझाप करते, या आजारात ती हळूहळू अरुंद होत जाते. सिगारेट ओढणाऱ्यांना होतो तोच, सीओपीडी. आमच्याकडं बिडीला हात न लावलेल्या कितीतरी बायकांना तो चुलीनं दिलाय. या आजारात मीटर फारसा भरवशाचा नाही हे लक्षात ठेवा. काट्यावर दिसतं त्यापेक्षा आत जास्त बिघडलेलं असू शकतं. आत्याबाईंना रोज फुंकायला लावणं आम्ही बंद केलं. त्यांना मीटरनं दिलं ते एवढंच, की हे वयानं होणारं नव्हे, दाखवायला पाहिजे, हे घरच्यांना पटलं. आता पाणी तापवायला गीझर आहे आणि चूल फक्त सणाच्या पुरणाला, तीही अंगणात.

धाकटा पोरगा. आषाढात मंगाई देवीची यात्रा झाली की आमच्या वडगावात घरटी एक तरी अंथरुणावर असतो. गर्दी, पाऊस, ओले कपडे. हा सकाळी मित्रांबरोबर हिंडत होता आणि दुपारच्या चहाला उठेना. ताप १०३. डोकं, पाठ, पिंढऱ्या, सगळं ठणकतंय, कोरडा खोकला, नाक जवळजवळ कोरडं. सर्दी पाहुण्यासारखी दारातनं हळूच येते. फ्लू येतो तो कवाड मोडून, कुठल्या तासाला आला तेही सांगता येतं. त्याला मीटर दिला तर उभं राहूनही फुंकता येईना, आणि आलेल्या आकड्याचा काही अर्थही नव्हता. अशा वेळी दोनशे रुपयांचा थर्मामीटर या सहाशेच्या नळीपेक्षा दसपट उपयोगी. फ्लू आणि कोविड लक्षणांवरून वेगळे करायला जाऊ नये, फसगत होते. नाक मोकळं असताना अचानक वास गेला तर कोविडची शंका जास्त, पण खात्री चाचणीनंच. धावपळ करायची ती घरातल्या नाजूक माणसांसाठी. फ्लूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त लागू पडतं, आणि म्हातारी माणसं, गरोदर बायका, दम्याचे पेशंट यांच्याबाबतीत ताप उतरायची वाट बघत बसायचं नसतं. आत्याबाईंची खोली तेवढे दिवस वेगळी केली. त्यांना आणि ह्यांना आता दरवर्षी फ्लूची लस.

मीटरला अजिबात न कळणाऱ्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, आणि दोन्ही मोठ्या आहेत. पहिली टीबी. गिरणीत दळप घेऊन येणाऱ्यातलं कुणी दोन आठवड्यांच्या वर खोकत असेल, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, कपडे ढिले झालेले, तर मी सरळ सांगते, "मीटर नको, सरकारी दवाखान्यात बेडका दे." तपासणी फुकट, औषध फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला पैसे मिळतात, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते पाचशेचे हजार झालेत. लोक लाजतात. कन्नड बोलणाऱ्या एक आज्जी सारख्या "नेगडी आगेत्री अक्का" म्हणायच्या, म्हणजे सर्दीच झालीय. महिनाभर कसली सर्दी? शेवटी आशाताईंना घरी पाठवलं.

दुसरी लहान मुलं. पाच वर्षांच्या आतल्या पोराला हा मीटर जमत नाही, घेऊच नका. त्याऐवजी पोर शांत असताना त्याचा अंगरखा वर करून पोटाकडं बघायचं आणि पुरं एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराचे ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका धरायची. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजायचंही थांबून निघायचं. शेजारणीच्या नातवाचं असंच मोजलं आणि त्याच रात्री सिव्हिलला नेलं. पोर आता गल्लीभर धावतंय.

तक्रारी. डब्यातला कागद सगळा इंग्रजीत. मराठी नाही, कन्नडही नाही. ज्या देशात एवढे दमेकरी आहेत तिथं चार चित्रं काढून द्यायला काय जातं? पट्टीवरचे आकडे बारीक, आत्याबाईंना काय, मलाही चष्म्याशिवाय दिसत नाहीत. पिठाच्या घरात काटा लवकर जड होतो. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात हलवून, उलटा ठेवून पुरता वाळवावा लागतो. ओला वापरला तर आकडा चुकतो. आणि नळकांडं एकच येतं. घरात दोघं फुंकणारे असतील तर दुसरं मागून घ्या. कारण ही वस्तू टेबलावर दिसली की येणारा-जाणारा म्हणतो, "बघू की, माझा किती येतोय?" देऊ नका! कुणाच्या छातीत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि तेच नळकांडं परत आपल्या तोंडात जाणार असतं. ह्यांचा एक मित्र रागावून गेलाय त्यावरनं. जाऊ दे.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो कागदासाठी. रात्री-पहाटे खोकणारा, शीळ वाजणारा, किंवा कामावर गेलं की बिघडणारा आणि सुट्टीत सुधारणारा कुणी घरात असेल, मग ती गिरण असो, निपाणीतली तंबाखूची वखार असो, उद्यमबागेतली फाउंड्री असो की वडगावातलेच माग असोत, त्यानं हे घ्यावं, सोबत दोनशे पानी वही घ्यावी, आणि वही दवाखान्यात न्यायला विसरू नये. वहीशिवाय नुसता मीटर घेतलात तर पैसे वाया. नुसत्या शिंका आणि डोळ्यांची खाज असेल तर सहाशे रुपये डॉक्टरच्या फीला ठेवा. अधूनमधूनची सर्दी असेल तर काहीच घेऊ नका, गरम पाणी प्या आणि झोपा.

घेताना डबा दुकानातच उघडून बघा. मोठ्यांच्या मीटरची पट्टी ८०० पर्यंत असते, लहान मुलांच्या मीटरची साधारण ४०० पर्यंतच. आम्हाला आधी मुलांचाच दिला होता, ह्यांच्या पहिल्याच फुंकरीत काटा टोकाला जाऊन आपटला. बिल होतं म्हणून बदलून मिळाला.